बाकी दहा

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा दुसरा डोळाही आता अधू व्हायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने दिसेल. बाबांना मात्र चिंता एकच: छापखाना बंद झाला त्या दिवशी त्यांच्या नंबर मारायच्या यंत्रावर पडलेला शेवटचा आकडा, ५८७०७८५५५३. तो कशानेच भागला जात नाही, मूळ संख्याच आहे, हे ते आठ वर्षं सिद्ध करताहेत. ७६,६२१ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. त्यापुढे गरजच नाही म्हणे. चौदा वह्या झाल्या, तीसेक भागाकार उरलेत. ते सांगतात, मी मांडते.

कॉम्प्युटरला विचारायचं नाही ही त्यांची अट. तरी तू गुपचूप बघ ना. माझा जीव भांड्यात पडेल.

लोभ आहेच, भांडणासकट राहू दे.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पापणी लवायच्या आत उत्तर आलं. तीनदा करून पाहिलं. ४५१७ ने पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. पहिल्याच वर्षी सापडायला हवं होतं. सुरुवातीच्या वह्या बघ. बाबांना सांगायचं की नाही, मला खरंच सुचत नाही. एरवी तुला अक्कल शिकवतो, आज हात टेकले.

स्वतःला जप.
तुझा दादा

१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पान सापडलं. अक्षर माझं आहे.

आठवतं? बाबा तापाने पडले होते आणि आठवडाभर भागाकार मी केले होते, एकाला एक चॉकलेट या बोलीवर. नऊ साते त्रेसष्ट, हातचे सहा. मी पाच धरले. बाकी दहा. खाली बाबांची बरोबरची खूण. माझ्यावर विश्वास टाकून केलेली.

काल शेवटचा भागाकार संपला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, यात निम्मं श्रेय तुझं. मी सांगायला तोंड उघडलं आणि चहा टाकू का, असं विचारलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
भिंगरी

५ एप्रिल

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

आता अक्षर दिसत नाही, म्हणून भिंगरीला सांगून लिहवतो आहे. आकडा मूळ निघाला! पण शंका नको, म्हणून सगळे भागाकार पहिल्यापासून तपासायला घेतलेत. ती ओळ न् ओळ वाचते, मी तोंडी पडताळतो. रोज तीसेक होतात. परवा तिने एक अंक चुकीचा वाचला, लगेच पकडला. डोळे गेले तरी पाढे शाबूत आहेत.

आज ४५१३ झाला. पुढचा घेणार तोच पोरीचा घसा बसला. उद्या सकाळी घेऊ.

सुखी राहा, पत्राला उशीर करू नकोस.
तुझे बाबा

ता. क. दादा, माझा घसा बसलेला नाही.