मंडईचा काटा

१७ ऑक्टोबर, शुक्र.
चिवड्याचे पोहे जळले. कारण दादाचा फोन. मे महिन्यापासून माझा हा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता, आणि आज नेमकी कढई तापलेली असताना बोलला.
"पुढच्या शनिवारी मंडई हाये आमची. पोरीले आण. अन् तिच्या त्यालेही आण."
"तिच्या त्याले" म्हणजे आमचा जावई. जवाई म्हणायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. पण मंडईला बोलावलं. दिवाळीला कोणी आलं काय, नाही आलं काय, आमच्या झाडीपट्टीत त्याचं एवढं नाही. गावची मंडई भरते, दुकानं लागतात, नाटक असतं, घरोघरी मटण शिजतं, त्या दिवशी ज्याला बोलावलं तो घरचा झाला. दादाने हे सगळं एका वाक्यात उरकलं आणि फोन ठेवला.
हे म्हणाले, पोहे गेले तर गेले, भाऊ तर आला. बऱ्याच दिवसांनी शहाण्यासारखं बोलले.

१८ ऑक्टो., शनि.
चकल्या करताना सारखं मेचंच डोक्यात. आमच्या मिनूचं लग्न पुण्याला, कोर्टात. दादा निघाला होता. नवा सदरा शिवला होता, मामा ना तो. पण बल्लारशाला सुट्ट्यांची गर्दी अशी की डब्याच्या दारात पाय ठेवायला मिळेना. गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली आणि तो पिशवी घेऊन गावाला परत. इकडे कोर्टातले साहेब थांबायला तयार नाहीत, मागे चार जोडपी रांगेत. सह्या झाल्या.
दादाचं म्हणणं एकच, "मामा आल्याबिगर पोरगी उभी करत नाई आपल्यात."
त्याचं बरोबर. साहेबांचंही बरोबर. या दोन बरोबरांच्या मध्ये माझा भाऊ गेला होता.
चकल्या बऱ्या झाल्या. थोड्या तिखट.

१९ ऑक्टो., रवि.
झालं. सगळ्यावर पाणी.
मिनूने मामाला फोन करून "येतो" सांगितलं. तिथेच ठेवायचा की नाही फोन. पण अनिकेत (यापुढे अ., एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार) पडला सभ्य. फोन हातात घेऊन म्हणाला, "मामा, मंडईत नको. सणाचे दिवस, तुमची धंद्याची वेळ, आमची उगाच अडचण. नंतर कधीतरी निवांत घरीच येऊ."
मग दादाचा मला फोन. आवाज अगदी हळू. दादा ओरडला तर काळजी नसते, हळू बोलला की समजायचं.
"मंडईत नको म्हनते तो."
मिनूला चांगली झापली. म्हणते, आई, तो चांगल्या मनानेच बोलला गं. असलं कसलं चांगलं मन, जे मामाचं बोलावणं परत करतं? मंडईला यायचं म्हणजे यायचं, एवढं बजावून फोन आपटला. मोबाईल असल्यामुळे नीट आपटताही आला नाही.

२१ ऑक्टो., मंगळ.
लक्ष्मीपूजन. तिकीट अजून वेटिंगवर. हे दर तासाला चष्मा लावून पाहतात आणि मला आकडा सांगतात. मी विचारलेलं नसतं.

२२ ऑक्टो., बुध., पाडवा
वेटिंगचं वेटिंगच राहिलं. तरी निघाले दोघं. जनरलच्या डब्यात. अ.ने जन्मात जनरलचा डबा पाहिलेला नाही.

२३ ऑक्टो., गुरु., भाऊबीज
आले एकदाचे. नागपूरपर्यंत गाडी, पुढे आमच्या मूल गावापर्यंत एसटी. मिनूला एका बाईने कडेला बसवून घेतलं. अ. पुण्यापासून उभाच, शेवटी शेवटी दारापाशी एका खोक्यावर टेकला म्हणे. पायांची सूज पाहवेना. रागवायचं ठरवून बसले होते, ते राहून गेलं.
चहा झाल्यावर त्याने ते खोकं पुढे केलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एक कोपरा चेपलेला. "मामांसाठी. दिवाळीची भेट."
उघडलं तर आत वजनकाटा. बॅटरीवरचा, मोठ्या ताटाचा, आकडे लाल.
मी म्हटलं, काटा कशाला?
तो म्हणाला, "त्यांच्या गाळ्यासाठी. मंडईत त्यांचा भाज्यांचा गाळा आहे ना?"
मला आधी कळलंच नाही. मग ह्यांना कळलं आणि ते गॅलरीत जाऊन एकटेच हसायला लागले. पुण्यात मंडई म्हणजे भाजीबाजार. मिनू जन्मापासून "मामाची मंडई, मामाची मंडई" करते, याला वाटलं मामा भाजी विकतो. म्हणून तो "धंद्याची वेळ" म्हणाला होता. मिनूला विचारलं, तू कधी सांगितलं नाहीस का? ती म्हणे, मंडई म्हणजे मंडई, त्यात काय सांगायचं.
लगेच दादाला लावला. सगळं सांगितलं. मग म्हणाला,
"खोटं बोलून राह्यली तू. जवायाची बाजू सांभाळून राह्यली."
"दादा, खरंच त्याले भाजीबाजार वाटला."
"एवढा शिकलेला मानूस, त्याले मंडई नाई समजत?"
ठेवला फोन. (पण जवाई म्हणाला. रागात म्हणाला, ते धरायचं की नाही?)
ओवाळणीचं ताट तयार करून ठेवलं होतं. दादा आला नाही. अ.ने ताट पाहिलं.

२५ ऑक्टो., शनि., दादाच्या घरून
आजचं सगळं लिहिलंच पाहिजे.
ह्यांच्या हिशेबाने आम्ही सकाळच्या एसटीने जेवणाआधी पोचणार होतो. मंडईच्या दिवसांत एसटी मूललाच खच्चून भरते, हे पन्नास वर्षं मूलला राहूनही ह्यांच्या हिशेबात नव्हतं. दोन गाड्या न थांबता गेल्या. मग काळीपिवळी मिळाली. चौघं आणि मांडीवर काटा. फाट्याच्या अलीकडे ती पंक्चर. स्टेपनी होती, तीही पंक्चर. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ना भाऊ, होऊन जाईल." काय होऊन जाईल ते काही बोलला नाही.
दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलेलं, ऊन चढलेलं, आणि मला एकच दिसत होतं: दादा दारात उभा, आणि परत कोणीतरी गर्दीपायी पोचलं नाही.
तेवढ्यात नाटकवाल्यांचा ट्रक आला. दादाच्याच गावाला चालला होता. पुढे ड्रायव्हरजवळ मी आणि मिनू. मागे पडदे, पेट्या, कळसाचे खांब, त्यांत हे आणि अ. बसायला मोकळी जागा एकच, राजाचं सिंहासन. ह्यांनी जावयाला मान दिला.
असे आमचे जावईबापू गावात शिरले. सोनेरी सिंहासनावर, मांडीवर खोकं, अंगभर धूळ. गावाला वाटलं नाटकातला हिरो आला. मागे ही एवढी पोरं. ट्रक दादाच्या दारासमोर थांबला, आणि दादा दारातच.
हसला नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. अ. खाली उतरून पाया पडला, तेव्हा दादाने त्याचे पाय पाहिले. चपलेचे पट्टे रुतलेले.
"पाय काऊन सुजले याचे?"
मिनू म्हणाली, "गाडीत उभे होते, मामाजी. पुण्याहून. जागाच नाही मिळाली."
"जनरलनं आला?"
"हो."
दादा आत गेला. मला वाटलं, संपलं. तर बादलीत गरम पाणी घेऊन बाहेर आला, वैनीला हात लावू दिला नाही, आणि स्वतः तांब्याने जावयाच्या पायांवर ओतत बसला. बराच वेळ. माझा आपला पदर डोळ्याला.
मग खोकं उघडलं. दादाने काटा उलटासुलटा करून पाहिला.
"हे कायले?"
अ.चा चेहरा पडला. मी म्हटलं, सांग आता तूच. बिचाऱ्याने सांगितलं. गाळा, भाजी, सगळं. अंगण सगळं हसलं. दादा हसला नाही, माझ्याकडे वळला.
"म्हंजे तू खरं बोलत होती."
खोटं सांगायचं म्हणून पुण्याहून उभ्याने काटा कोणी वाहून आणत नाही, हे त्याला पटलं असावं. वैनीने वडे वाढले. मटण तिखट होतं, अ.ला घाम फुटला, तरी त्याने दुसऱ्यांदा घेतलं. शहाणा आहे.

२६ ऑक्टो., रवि.
सकाळी सगळे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. दादा तिथेच मासे विकतो. आज काटा पाळीवर मांडला. पहिली मरळ ताटात ठेवली, तिने उडी मारली, आकडे वेड्यासारखे पळायला लागले. गिऱ्हाईक म्हणालं, भाऊ, कोनता आकडा धरू? अ. ओलं फडकं घेऊन मासळी दाबून बसला. पुण्याची कॉलर, हातभर खवले.
पाळीवर सरकारी पाटी आहे, मामा तलाव. अ.ने ती वाचली आणि भीतभीत मला विचारलं, "आई, हा अख्खा तलाव मामांचा आहे?"
दादाने ऐकलं. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचे ते माजी मालगुजारी तलाव, कोणीतरी कागदावर मा.मा. लिहिलं आणि सगळ्या झाडीत मामा तलावच झाले. पुण्याच्या माणसाला हे कसं कळणार. दादा आधी खोकल्यासारखा झाला. मग पाळीवरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
"आयका रे, तलाव माया नावावर करून टाकला यानं."
जो येईल त्याला सांगत होता. दुपारपर्यंत गावात ऐकायचं कोणी राहिलं नसेल.
तरी "यानं". जवाई नाहीच.

२८ ऑक्टो., मंगळ.
दोघं गेले. परतीचं तिकीट मिळालं, हे ह्यांचं कर्तृत्व. सोबत शिंगाडे, सुकट, आणि वैनीने दिलेले नवे तांदूळ. गाडी सुटेपर्यंत अ. विचारत होता, मामा खरंच रागावलेले नाहीत ना? मी म्हटलं, नाहीत. मला तरी कुठे माहीत होतं.
परवा गावाहून निघताना मी दादाला विचारलं होतं, मूलला कधी येतोस, भाऊबीज राहिली तुझी. जाळं झटकत म्हणाला, "पाहू."
ताट तसंच ठेवलं आहे. सुपारी बदलली.

२ नोव्हेंबर, रवि.
दादाचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"काटा सुरूच नाई होऊन राह्यला. बॅटरीचं का अजून कायचं, मले समजत नाई. जवायाले विचार."
यावेळी राग नव्हता आवाजात, नीट ऐकलं. मग म्हटलं, मला काट्यातलं काय कळतं, तूच विचार त्याला.
"मी कसा विचारू?"
"फोननं."
मागे वैनी काहीतरी पुटपुटली. मग म्हणाला, "नंबर दे त्याचा."
दिला. दोनदा सांगितला, त्याने दोनदा म्हणून दाखवला. लावतो की नाही, काही बोलला नाही.
आता संध्याकाळचा दिवा लावला. मिनूला फोन लागला, ती स्वयंपाकात, म्हणे मामाजींचं मला काही माहीत नाही, अ. गॅलरीत आहे. म्हणून अ.ला लावून पाहिला. बिझी. थोड्या वेळाने परत लावला. बिझीच.
हे म्हणतात, ऑफिसचा असेल. रविवारी?