चंद्री कुत्रीविषयीचे खोडलेले कलम

मी, इकबाल बाबालाल मुलाणी, वय एकाहत्तर, धंदा मटण-चिकन विक्री, राहणार पवनानगर, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाची जबरदस्ती नाही, उलट घरातले म्हणतात की एवढी कसली घाई. घाई आहे, आणि ती का आहे हे खाली येईलच.

कलम १. राहते घर आणि दुकानाचा गाळा यांचे वाटे शरीयतप्रमाणे पत्नी ताजुन्निसा, मुलगा इरफान आणि मुलगी सुमय्या यांच्यात पडतील. त्यात माझी मर्जी चालत नाही आणि मला ती चालवायचीही नाही. मालमत्तेच्या फक्त एक तृतीयांशापुरते मला बोलता येते, तेवढेच पुढे बोलतो.

कलम २. सुरे, सत्तूर आणि लाकडी ठोकळा इरफानने वापरावा. सत्तूर फणस फोडायला कोणालाही देऊ नये. शेजारचा चहावाला भिमाजी तो हमखास मागेल. माझ्या तराजूविषयी त्याने एके काळी भर बाजारात जे तोंड सोडले होते, ते मी माफ केले आहे. विसरलो मात्र नाही.

कलम ३. हे कलम वाटणीचे नाही. पुढची तीन कलमे कशासाठी, ते कळावे म्हणून लिहितो.

माझ्या दुकानाच्या ओट्याखाली चंद्री नावाची कुत्री राहते. अंगाने काळी, शेपटीचा शेंडा पांढरा. तिला मटणाचे छाटण घालतो, पुण्य मिळेल म्हणून. ती वर्षातून दोनदा विते, आणि पिल्लांपैकी बहुतेकांची शेपटी तिच्यासारखीच निघते. कुत्र्यांच्या नसबंदीची गाडी घेऊन कोमल नावाची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. ती नीट समजावून सांगत होती, की ऑपरेशन करतो, चार दिवस सांभाळतो, ओळखीसाठी कानाला खाच पाडतो आणि जिथून नेली तिथेच आणून सोडतो. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "देवाने दिलेली कूस आहे. मी जिवंत आहे तोवर या कुत्रीला कोणी हात लावायचा नाही." बाजाराने माना डोलावल्या. मला ते फार आवडले. रात्री जेवताना ताजुन्निसा म्हणाली, "दिवसभर कोंबड्या कापता तेव्हा देवाच्या कामात ढवळाढवळ होत नाही वाटतं?" मी भाकरी जास्त खरपूस झाल्याचे सांगून विषय बदलला.

पिल्ले वाढली की काय करायचे, याची युक्ती मीच काढली. धरणाच्या काठाला जे तंबूंचे कॅम्प आहेत, त्यांना शनिवार-रविवारसाठी मसाला लावलेले चिकन आमच्या दुकानातून जाते. इरफान टेम्पोने माल पोचवतो. मालाच्याच क्रेटमधून पिल्लेही पोचवू लागलो. मुंबई-पुण्याची मुले त्यांना मांडीवर घेत, फोटो काढत, तंदुरीचे तुकडे घालत. मी सांगत फिरायचो की माझी पिल्ले माझ्यापेक्षा चांगले जेवतात.

सोमवार ते गुरुवार तिथे चिटपाखरू नसते. पावसाळ्यात कॅम्प बंद झाले तर महिनोन् महिने नसते. ज्याच्या दुकानातून तिथला माल जातो, त्याला हे ठाऊक नसेल तर कोणाला असणार? तरी माझ्या डोक्यात आले नाही. शनिवारचेच चित्र डोळ्यांपुढे ठेवले, कारण ते गोड होते.

गेल्या आषाढात त्या उपाशी कुत्र्यांची टोळी झाली आणि वरच्या वाडीवर बाया सावळा हिलम हिच्या गोठ्यात शिरली. तीन शेळ्या फाडल्या, त्यातली एक गाभण होती. बायाला जमीन नाही. मजुरी आणि शेळ्या, एवढाच तिचा संसार. दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चाचा, पांढऱ्या शेंड्याची व्हती सगळी."

मी गिऱ्हाइकांकडे बघून म्हणालो, "पांढरी शेपटी काय माझ्या एकट्याच्या कुत्रीला असते?" गिऱ्हाइके हसली. चंद्री ओट्याखालून बाहेर येऊन बायापुढे शेपूट हलवत होती. बाया तिच्याकडे बघत राहिली, मग चढणीने निघून गेली. त्या कुत्र्यांचे पुढे वाडीवाल्यांनी काय केले, हे मी आजवर विचारलेले नाही. ते विचारायलाही तोंड नाही.

मला लाज वाटते. शेळ्या गेल्या याची वाटतेच, पण गिऱ्हाइके हसली आणि त्या घटकेला मला बरे वाटले, याची जास्त वाटते. तेव्हापासून वाडीवरचे कोणी दुकानात येत नाही, आणि मीही त्या रस्त्याने जात नाही.

कलम ४. माझा टेम्पो कोमल आणि तिच्या मंडळींना कुत्र्यांची ने-आण करण्यासाठी द्यावा. आतून कोंबड्यांचा वास येतो, कुत्र्यांची त्याला हरकत नसावी.

<s>कलम ५. माझ्या मृत्यूनंतर बाया सावळा हिलम हिला माझ्या एक तृतीयांशातून तीन चांगल्या शेळ्या घेऊन द्याव्यात.</s>

<s>कलम ६. माझ्या मृत्यूनंतर, दफन उरकताच, चंद्रीला नसबंदीसाठी कोमलच्या स्वाधीन करावे. म्हणजे माझा शब्दही राहील आणि कामही होईल.</s>

खाडाखोडीविषयी खुलासा. वरची दोन कलमे मीच खोडली आहेत, दुसऱ्या कोणी नाही. ती लिहून झाल्यावर बायाला एकदा ऐकवावीत असे मनात आले. खरे सांगायचे तर तिने "बरं केलंत, चाचा" म्हणावे एवढीच अपेक्षा होती. इरफान तिला बोलावून घेऊन आला. ती दुकानात चढली नाही, पायरीवरच बसली. मी वाचून दाखवले.

ती म्हणाली, "म्हंजी तुमी मरूस्तवर न्हाई?"

मी म्हणालो, "बाजारात शब्द दिलाय गं."

"मग तवर ही अजून कितींदा व्यायची? आन् माज्या ऱ्हायलेल्या दोन शेरडांस्नी मी कुटं दडवू?" ती पुढे म्हणाली, "मरणावर नगा ठिवू, चाचा. मी काय रोज सकाळी उठून तुमी मेला का बगू? मला तसलं बगाया लावू नगा."

ती रागाने बोलली असती तर मी वाद घातला असता. पण ती काळजीने बोलत होती. ज्या बाईचे मी नुकसान केले, तिला मी माझ्या मरणाची वाट बघायला बसवत होतो, आणि त्याला दानधर्म म्हणत होतो.

मी कोमलला फोन लावला. तिने मागचे काही काढले नाही, फक्त आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणाली. तिची गाडी मुद्दाम बाजाराच्या दिवशीच मागवली. जिथे बोललो होतो तिथेच गिळावे, म्हणून. जाळी लागली नाही. चंद्रीला मीच उचलले आणि गाडीत ठेवले. ती माझा हात चाटत होती. सगळा बाजार बघत होता. भिमाजी चहाची किटली घेऊन बाहेर आला आणि मोठ्याने म्हणाला, "इकबाल, जिता हाईस न्हवं अजून?"

मी म्हणालो, "हाय."

या खेपेलाही लोक हसले. हसू दिले.

माझ्या पैशातून तीन शेळ्या बायाने बाजारात स्वतः पारखून घेतल्या. एक गाभण आहे. त्यामुळे या मृत्युपत्रात तिला आता काहीच येणे उरलेले नाही, आणि म्हणून तिला साक्षीदार होता येते.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी माझ्या माघारी खुशाल हसावे, फक्त बायाला मध्ये घेऊ नये.

ठिकाण : पवनानगर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : इकबाल बाबालाल मुलाणी

साक्षीदार
१. भिमाजी, चहावाला. सही. (सही करताना सत्तूर मागितला. दिलेला नाही.)
२. बाया सावळा हिलम. डाव्या हाताचा अंगठा. त्या दिवशी दिला नव्हता. चंद्री परत आल्यावर पायरीवर बसून, तिच्या कानाची खाच बोटाने चाचपून, दिनांक १६ रोजी दिला.