एका कार्डावर दोन दिवस

देवळाली प्रवरा,
४ मे २०२५

प्रिय शुभा,

तुझ्या प्रबंधाचं अर्पणाचं पान मोबाईलवर मिळालं. वीस तारखेला छापायला जाणार म्हणतेस. शुद्धलेखन बरोबर आहे. पण मजकुरात एक दुरुस्ती आहे आणि ती मला फोनवर सांगता येणार नाही. म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लावून घे.

इकडे ऊन कडक आहे. काल ऊन मोजायच्या कार्डावर अकरा तासांची जळकी रेघ होती. लहानपणी तू माझ्याबरोबर हवामान केंद्रावर यायचीस, तेव्हा तो काचेचा गोळा तुला फार आवडायचा. त्यात ऊस, विहीर, आभाळ सगळं उलटं दिसायचं. आई डबा घेऊन आली की तीही त्यात उलटी चालत यायची आणि तू टाळ्या वाजवायचीस. मी अजून दुपारी तिथे बसतो. गोळ्यातून आलेलं ऊन कार्ड हळूहळू जाळत पुढे सरकतं. ढग आला की रेघ तुटते, ढग गेला की पुन्हा सुरू होते. जळक्या कागदाचा बारीक वास येतो. मग किती वेळ गेला ते कळत नाही. गोळ्यात बांधावरून कुणी येताना दिसलं की मी अजून मान वर करून बघतो.

एकतीस वर्षं मी हेच धरून चाललो की सूर्य रोज तोच असतो, बदलतात ते ढग. तू म्हणालीस, सूर्यही बदलतो. मला ते पटेना, पण विचारायचा संकोच वाटे. आई फोन स्पीकरवर टाकायची आणि माझ्या वाटचे प्रश्नही तीच विचारायची. तू सांगायचीस की चुंबकीय बळ जिथे गच्च एकवटतं तिथे काळा डाग पडतो आणि उजेड घटतो. तेच बळ जिथे बारीक बारीक विखुरतं तिथे सूर्य जास्त उजळतो. डाग डोळ्यांत भरतात, उजळ ठिपके सहज दिसत नाहीत, पण बेरजेत तेच भारी पडतात. म्हणून रोजचा चुंबकीय नकाशा घ्यायचा, दोन्हींची बेरीज-वजाबाकी करायची आणि त्या दिवशी सूर्याने किती ऊर्जा दिली ते काढायचं. मग उपग्रहाच्या मापाशी ताडून बघायचं. आई म्हणाली, "म्हंजे डाग जास्त त्या वर्षी उजेड बी जास्त? उलटाच हाय की तुझा सूर्य, तुझ्या पप्पांसारखा." आणि फरक हजारात एक इतकाच, हे ऐकल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी पोरगी जर्मनीला? मोजणारा एक हुता की घरात!" तू खूप हसलीस. मीही हसलो, पण ते तुला ऐकू गेलं नसेल.

गेल्या हिवाळ्यात आजारी आईची खाट मी अंगणात उन्हात टाकत असे. दुपारी जेवायला आलो की सरकलेल्या उन्हात खाट सरकवायची. ती डोळे मिटून पडायची आणि संध्याकाळी मी घरी आलो की विचारायची, "आज किती तास?" मी सांगायचो. साडेनऊ, नऊ. जानेवारीत तिच्या तोंडावर सूज आली होती, पण उन्हात ती छान दिसायची.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात होतो. रोज सूर्य मावळल्यावर बदलायचं कार्ड तेवढं बदलायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हाने त्याच कार्डावर जाळलं. ढगाने तुटलेली पहिल्या दिवसाची रेघ दुसऱ्या दिवसाने भरून काढली. आता त्यातला कुठला उजेड ती असतानाचा आणि कुठला नंतरचा, ते मला कधीच सांगता येणार नाही. केंद्रावरचा माझा जोडीदार कल्याण म्हणाला, "भाऊ, शेजारच्या केंद्राचा आकडा घालू. कोण बघतंय?" मी ऐकलं नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, "नोंद नाही." एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस. तिच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला माणसं बसली होती. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "पप्पा, मला कुणी सांगितलं कसं नाही?" तेव्हा मी म्हणालो, "आईनेच सांगू दिलं नाही." तू नुसती तिच्या फोटोकडे बघत राहिलीस.

आता तू लिहिलं आहेस, "आईस, जिने माझं काम थांबू नये म्हणून स्वतःचा आजार माझ्यापासून लपवला." शुभा, हे खरं नाही. लपवलं मी. नोव्हेंबरात डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं, त्याच दिवशी मी तिला शपथ घातली. पोरीचं वर्ष वाया जाईल म्हणालो. फोनवर "सर्दी हाय गं" म्हणायला तिला मीच शिकवलं. तिने तीनदा तुझं नाव काढलं. मी दोनदा म्हणालो, पुढच्या रविवारी सांगू. तू माझ्याकडून एकेक गोष्ट विचारून घेऊन तिचे ते तीन महिने जुळवते आहेस. मी दिलेली नोंदच खोटी असेल तर तुझं उत्तर बरोबर कसं येईल? ओळ काय लिहायची ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, तेही तूच ठरव. तिसऱ्यांदा ती म्हणाली होती, "ती आली न्हाई तरी चालंल. पर तिला ठावं असू द्या." मी तेवढंही केलं नाही. ते आज करतोय.

तुझेच,
पप्पा