नगराध्यक्षांच्या तोंडचे शब्द

सान्ता रुफिना,
कार्निव्हलनंतरचा मंगळवार

प्रिय एदुविहेसताई,

धाकट्या फोर्तुनाताचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला (आणि स्वभाव) सुधारला का? कोचाबांबाच्या हवेत सगळं सुधारतं म्हणतात. इकडे सगळे खुशाल, फक्त नायरा माझ्याशी बोलत नाही. त्याचीच ही हकीकत.

तुझी ही भाची मोठ्या शहरातून, ला पाझहून, कला शिकून आली. मला वाटलं, देवळासाठी मेरीमातेचं एखादं चित्र काढेल. तिने गावभरचे जुने रेडिओ गोळा केले (माझाही नेला, न विचारता), रेल्वेच्या रिकाम्या गोदामात टांगले आणि नगराध्यक्ष एवारिस्तोसाहेबांच्या भाषणांचे तुकडे करून एकेका रेडिओत एकेक शब्द भरला. बटण दाबलं की साहेबांच्याच आवाजात 'जनता'. दुसरं दाबलं की 'लवकरच'. हवी तशी बटणं दाबा, भाषण तयार. "आई, जो आवाज सारखा कानावर पडतो त्याचीच सत्ता चालते," असं ती मला समजावत होती. मी म्हटलं, "तुझा बाप दिवसभर बोलायचा, घरात कोण ऐकत होतं त्याचं?"

उद्घाटनाला खुद्द साहेब आले. आपली टिंगल बघून ते भडकतील, पेपरात बोंबाबोंब होईल, असा नायराचा हिशेब. साहेबांनी बटणं दाबली: 'लवकरच, जनता, विकास, लवकरच.' डोळे पाणावले गं त्यांचे! "पोरी, इतकं मुद्देसूद मी आजवर बोललो नव्हतो," म्हणाले, आणि गोदामापासून बाजारातल्या कर्ण्यांपर्यंत तार ओढून सकाळ-संध्याकाळ हेच वाजवायचा हुकूम सोडला. पोरीने रडून डोळे सुजवून घेतले.

आता आम्ही बटाटेवाल्या किती वर्षं उघड्यावर बसतो, तुला ठाऊक आहे. गारा आल्या की वाळवलेले बटाटे पुन्हा भिजतात. छप्पर 'लवकरच' होणार होतं. एका दुपारी नायरा मला राखणीला बसवून जेवायला गेली, वर "कशाला हात लावू नकोस" असं बजावून गेली (हे मला, तिच्या आईला!). मी लावला. 'मी', 'बाजाराला', 'छप्पर', 'देतो' पटापट सापडले. 'उद्या' मात्र मिळता मिळेना; साहेब तो शब्द फारसा वापरत नाहीत. शेवटी कोपऱ्यातल्या एका खरखरणाऱ्या पेटीत निघाला. कर्णे चालू होते हे मी विसरले होते (असं मी सगळ्यांना सांगते).

साहेब धापा टाकत बाजारात पोचले, तोवर बायकांनी त्यांच्यावर रंगीत कागद उधळायला सुरुवात केली होती. आमच्या सातुर्निनाने विचारलं, "साहेब, आवाज तुमचाच ना?" नाही म्हणावं, तर सकाळ-संध्याकाळ वाजतं तेही त्यांचं नाही, असं झालं असतं. "माझाच," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ट्रक भरून पत्रे आले.

आणि नायरा काय म्हणते? "आई, त्यांच्या खोटेपणावरचं काम होतं ते. तू त्यांना खरं करून ठेवलंस!" तेव्हापासून अबोला.

तुझी,
फोर्तुनाता

ता.क. छपरावर मोठ्या अक्षरांत रंगवलंय: 'एवारिस्तो, शब्द पाळणारा माणूस.' निवडणुकीला पुन्हा उभे राहतायत.

आणखी ता.क. ते वाक्य कोणी जुळवलं, हे साहेबांनी शोधून काढलं. आता त्यांची भाषणं मी लिहिते. पहिल्यात नळ घातलाय, दुसऱ्यात बाजारात बायकांसाठी संडास. बोलण्याआधी ते कधी वाचून बघत नाहीत, ही मोठी सोय आहे. तेवढं नायराला हे कळायच्या आत, निवडणूक होईपर्यंत तुझ्याकडे बोलावून घे. कारण काहीही सांग. आणि शनिवारी घरात रेडिओ लावू नकोस; शब्द पाळणारा माणूस म्हणून साहेबांना रेडिओवर बोलावलंय, माझं पहिलं भाषण देशभर ऐकू येणार आहे.