गाडीचं कवच

११ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.
यांच्या रिमोटच्या गाडीचं कवच माझ्या हातून गेलं. घरात सांगायला कुणी नाही, बाहेर सांगण्यासारखं नाही, म्हणून ही वही.

हे आपल्या धाकट्या बहिणीकडे गेलेत, चार दिवसांसाठी. कपाट आवरताना गाडी दिसली. धुळीने माखलेली. वरचं रंगीत प्लास्टिक काढून साबणाने धुतलं आणि लवकर वाळावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवलं. दहा मिनिटांत वितळून त्याचं ताट झालं.

गेल्या वर्षी यांचा उजवा हात लुळा पडला. आठ महिने शर्टाचं बटण लागत नव्हतं. त्या हाताने पुरी केलेली पहिली गोष्ट म्हणजे हे कवच. तीन आठवडे खपले. रविवारी क्लबची शर्यत आहे, आणि यांचं क्लबात सगळ्यांना सांगून झालंय की रंग स्वतः दिला.

शुक्रवारी संध्याकाळी येतात. तोवर हुबेहूब दुसरं तयार करणार. फोटो आहे. अवघड काही नाही. मी घाबरलेली नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.
दुकानात गेले. कवच मुळात पारदर्शक मिळतं, केकवरच्या झाकणासारखं. दुकानदार शेंडीवाला, च्युइंगम चघळणारा. म्हणाला, "काकू, रंग आतून द्यायचा. आणि जे वर दिसायला हवं ते आधी." मी म्हटलं, मी रसायनशास्त्रात पदवी घेतली तेव्हा तुमचे वडील शाळेत असतील. म्हणे, "वडीलही हेच सांगायचे. दोन घेऊन जा, पहिलं फुकट जातं." चुकणाऱ्यांनी दोन घ्यावीत. एकच घेतलं.

जिन्यात रंगारी भिंतीला पहिला हात देत होता. अनुभवी माणूस. त्याला विचारलं. "वहिनी, बेस पक्का तर सगळं पक्कं." हे पटलं.

संध्याकाळी आतून पांढऱ्याचे दोन हात दिले. त्यावर लाल पट्टा. अप्रतिम.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.
कवच उलटलं. बाहेरून नुसतं पांढरं. लाल पट्टा फक्त आत बसलेल्या ड्रायव्हरला दिसेल.

सकाळी ९. थिनरने पांढरा काढला. रंग निघाला, पण प्लास्टिकला मोतीबिंदू झाला आणि बॉनेटवर तडे गेले. रसायनशास्त्राचा इथे संबंध नाही.

सकाळी ११. दुकान. शेंडीवाल्याने दुसरं कवच आधीच पिशवीत घालून ठेवलं होतं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

रात्री. आता लाल आधी. चिकटपट्टी लावून रेघ मारली. सुतासारखी सरळ. फोटोशी ताडून पाहिली. यांची रेघ सरळ नाहीच. मध्ये जाड होते, दाराशी अडखळते, शेवटी कशीबशी पोचते. हे क्षणात ओळखतील. ओला रंग लगेच पुसून टाकला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.
वर्तमानपत्रावर सराव. माझ्या हातून वाकडी रेघ निघत नाही. बावीस वर्षं नकाशे काढण्याच्या खात्यात होते, हात वळणार कसा? मुद्दाम हलवला तर लाटा होतात. लाटा नकोत.

दुपारी डाव्या हाताने थेट कवचात काढली. ब्रश दोनदा पडला. खांदा दुखायला लागला. अर्ध्या रेघेत दम गेला. यांनी असं तीन आठवडे केलं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, पसारा आवरा म्हणून.

डोळ्यांत थिनरची वाफ गेली. आज लिहिणं पुरे.

संध्याकाळी ६. रेघ वाळली. पूर्ण वाकडी, तरी यांच्यासारखी नाही. वर पांढरा मारला. आता सुंदर दिसतंय.

सव्वासहा. पांढऱ्याआधी खिडक्या झाकायच्या राहिल्या. काचांवरही पांढरा. गाडी आंधळी झाली. आजकाल अशाही गाड्या निघत असतील.

साडेसहा. निघत नाहीत. दुकानात फोन करून विचारलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.
सकाळी तिसरं कवच आणलं. शेंडीवाला म्हणाला, "काकू, कुणासाठी करताय एवढं?" मी म्हटलं, सुटे द्या.

वेळ आहे. संध्याकाळपर्यंत सात तास. शांत डोक्याने केलं तर सहज होईल.

साडेअकरा. नणंदेचा फोन. वहिनी, दादा सकाळच्याच गाडीने निघालेत, रिमोटच्या कारशिवाय करमत नव्हतं म्हणे.

पावणेबारा. बेल.

रात्री ९.
यांनी आधी वास घेतला. मग टेबल पाहिलं. मग ताट पाहिलं. "ओव्हन?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर.

मग आंधळी गाडी उचलली, उजेडात धरली. ही रेघ कुणी काढली? मी म्हटलं, डाव्या हाताने. म्हणाले, "माझी यापेक्षा बरी होती." आवाजात चक्क घमेंड होती.

रविवारपर्यंत होत नाही, असं मी सांगितलं. होईल, म्हणाले, चिकटपट्टी तू धर, आणि सल्ला देऊ नकोस.

यांच्या ताब्यात दिलं ते असं:
ताट झालेलं कवच, एक. मोतीबिंदूवालं, एक. आंधळं, एक. कोरं पारदर्शक, एक. लाल रंग, अर्धा डबा. ब्रश, दोन.
माफी, एक. तोंडी. नीट ऐकू आली नाही म्हणून यांनी परत मागितली. पुन्हा दिली.