बरण्या तू, पाकिटं मी

प्रिय काचवाल्या,

हे पत्र पाकिटात घातलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पाकिटात घातलं असतं तर तेही तुझ्या हत्यारांच्या पेटीत, बाकीच्या न उघडलेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यात जाऊन पडलं असतं आणि आपल्या लेकीच्या, बटणाच्या, लग्नापर्यंत तिथेच राहिलं असतं. म्हणून उघडा कागद, चार घड्या, वर एक टाचणी आणि बटणाच्या हातात दिलाय. तिला बजावून ठेवलंय की बाबा शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत समोरून हलायचं नाही. नऊ वर्षांची असली तरी पहारा चांगला देते, तुला ठाऊक आहे. तेव्हा निमूटपणे वाच. गुरुवारी कोर्टात तुझी तारीख आहे आणि त्याआधी हे वाचलंच पाहिजेस.

समन्स मलाही आलं. तक्रार मी केलेली नाही, बटणाची शपथ. पोटगी चार महिने अपुरी पडली की वसुली खातं आपणहून कोर्टात जातं, घटस्फोट घेतलेल्या बाईला कुणी विचारायला येत नाही. थकबाकी भरली नाहीस तर गाडी जप्त करणार म्हणे. गाडी गेली तर तू तावदानं काय डोक्यावर घेऊन फिरणार आहेस? समन्स वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. परवा इस्पितळाच्या कपडेखोलीत मी एका चादरीला ठिगळ लावलं आणि उलगडून बघते तर दोन चादरी एकमेकींना शिवलेल्या. मुकादमबाई म्हणाल्या, जोडप्यांसाठी नवीन सोय काढलीस वाटतं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

आपली वाटणी तुला आठवते का? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठरली होती. घट्ट झाकणाच्या बरण्या तू उघडायच्या, पाकिटं मी. माझ्या मनगटात जोर नाही आणि तुझ्या काळजात. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत पाय बाहेर सोडून काच बसवणारा माणूस, पण सरकारी शिक्क्याचं पाकीट दिसलं की दुरूनच माझ्याकडे सरकवायचास. लहानपणी असंच एक पाकीट तुझ्या वडिलांनी उघडलं आणि आठवड्याभरात घर खाली करावं लागलं, हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही माझ्याकडे पाठ करून, पुट्टी मळता मळता. त्यानंतर मी कधी तुला पाकीट उघडायला लावलं नाही. टोमणे मात्र भरपूर मारले. अकरा वर्षं वीजबिलापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत सगळं मीच उघडलं. घटस्फोटाचा निकालसुद्धा. तुझी प्रत वाचून दाखवली, माझी घडी घालून कपाटात ठेवली.

आपलं का पटलं नाही ते आता उगाळत बसत नाही. दोघंही सारखेच हट्टी, दमलो आणि सुटलो. पण कोर्टाने बटणाची पोटगी वेगळी ठरवली, माझी वेगळी ठरवली, शनिवार-रविवार कुणाचे तेही ठरवलं, आणि बरण्या-पाकिटांचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. म्हणून ते तसंच चालू राहिलं. तू सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या खोलीत राहायला गेलास, पण पत्ता बदलायचा म्हणजे फॉर्म भरायचा, त्यामुळे तुझं टपाल अजून माझ्याच दारात पडतं. शनिवारी बटणाच्या पिशवीत एक घट्ट बरणी आणि रबर लावलेला टपालाचा गठ्ठा. रविवारी संध्याकाळी झाकण सैल केलेली बरणी परत यायची. गठ्ठा तिकडेच राहायचा.

मग तो अपघात झाला. तुला इस्पितळात आणलं तेव्हा मी खाली तळघरात चादरींवर शिक्के मारत होते. दुकानाची मोठी काच उतरवताना फुटली, मनगटाची शीर तुटली, हे मला परिचारिकेने सांगितलं, कारण रक्ताने माखलेल्या चादरी माझ्याकडेच आल्या. वर येऊन तुझ्यापाशी बसावं असं फार वाटलं. पण वॉर्डाच्या दारातल्या वहीत नातं लिहावं लागतं, आणि त्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. मी जिन्यातून परत फिरले. त्याची बोच अजून आहे. तुझ्या अपंगत्वाच्या पेन्शनचा फॉर्म इस्पितळातल्या समाजसेविकेनेच भरला, तू डाव्या हाताने सही केलीस आणि पत्ता विचारल्यावर सवयीने जुना सांगितलास. तिथेच सगळं अडकलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी, डोकं ठिकाणावर नसल्यासारखी, मी बटणाच्या पिशवीत बरणी टाकली. ती कोपऱ्यावर वळल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत अशा माणसाला मी बरणी पाठवली होती. रविवारी ती उघडून आली. बाबांनी गुडघ्यांत धरून डाव्या हाताने पिळली, चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला आणि आईला सांगू नकोस म्हणाले, हे बटणाने चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं. जी पोरगी वर्षाची असताना माझ्या ब्लाउजचं बटण गिळून बसली होती, तिच्या पोटात गोष्ट मात्र एक राहत नाही. मी मोरीत जाऊन रडले. पुढच्या शनिवारी बरणी पाठवली नाही, तर तूच निरोप धाडलास, बरणी कुठाय?

आता मुद्द्यावर येते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं चाललं होतं.

गेल्या वर्षी थंडीत तुझ्या नावाचं एक खाकी पाकीट आलं. रबर लावण्याआधी मी ते उघडलं. हात अकरा वर्षांच्या वळणाने गेला, हे खरं आहे. पण आतला कागद वाचून झाल्यावर मी तो गठ्ठ्यात ठेवला नाही, शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवला. ते मात्र वळण नव्हतं. पेन्शन कचेरीने लिहिलं होतं की तुझ्या अपंगत्वाच्या पेन्शनवर तुझ्या मुलीचा वेगळा हिस्सा निघतो, तो दरमहा तिच्या आईच्या खात्यात जमा होईल. आणि हा हिस्सा बापाने दिलेल्या पोटगीतच धरता येतो, त्यासाठी हा कागद घेऊन कोर्टात एक अर्ज करावा. शिवाय तुझी कमाई घटली आहे तर बायकोची पोटगीही नव्याने ठरवून घ्यावी. म्हणजे बटणाची पोटगी तुझ्या अधू हाताने आधीच भरली होती. आणि तू ते माहीत नसल्यामुळे पुन्हा वर खिशातून भरत होतास. मी दोन्ही घेत राहिले आणि तुला ताकास तूर लागू दिली नाही.

का केलं ते खरं तेवढंच सांगते. पहिलं कारण भीती. माझी पोटगी कमी झाली तर घरभाडं कुठून द्यायचं, हे कपडेखोलीच्या पगारात मला जुळेना. बटणाच्या दातांना तार लावायची होती, ती त्यातूनच लावली. पण स्वतःसाठी एक जोडी बूटही घेतले, तपकिरी, टाच असलेले, आणि ते घालून मी कपडेखोलीत मिरवले, हेही लिहिलंच पाहिजे. दुसरं कारण राग. वाटलं, पाकिटं न उघडण्याची किंमत या माणसाला एकदा तरी कळू दे. पण कळणार कशी? तुला माहीतच नव्हतं कशाची किंमत मोजतोयस ते. आणि पाकीट तर मीच उघडलं होतं. या चार महिन्यांआधी तू पोटगी कधी चुकवली नाहीस, काही महिने तर तारखेच्या आधी दिलीस. दर वेळी मला वाटायचं, आता सांगू, आणि दर वेळी मी मूग गिळून बसले.

मागच्या रविवारी बटण घरी आली आणि बूट सोडता सोडता म्हणाली, बाबांच्या भिंतीवरच्या खिळ्याला काच कापायची हिरकणी नाहीये. विचारलं तर म्हणाले, एका मित्राने नेलीय. तिला ते खरं वाटलं. मला नाही वाटलं. तुझ्या उस्तादाने जाताना तुझ्या मुठीत ठेवलेली हिरकणी तू मला कधी हातात घेऊ दिली नाहीस, ती तू मित्राला देशील? त्याच आठवड्यात माझ्या खात्यात तुझ्याकडून थोडी रक्कम आली होती. त्या दिवसापासून मी ते बूट घातलेले नाहीत.

मला परत एकत्र यायचं नाही, तसलं काही मनात आणू नकोस. माफी मागते, पण ती दे असंही म्हणत नाही. हे लिहिलं ते एवढ्यासाठी की या पत्राच्या मागे टाचलेला खाकी कागद तोच आहे. इस्पितळातल्या समाजसेविकेला मी सगळं सांगून तो दाखवला. ती म्हणाली, मुलीचा हिस्सा धरला तर तुझी थकबाकी बहुतेक उरणारच नाही, उलट काही मलाच परत द्यावं लागेल. लागू दे. मुकादमबाईंकडून मी जादा पाळ्या मागून घेतल्या आहेत. गुरुवारी दहा वाजता तू कागद न्यायाधीशांपुढे ठेव. कुठे होता इतके दिवस असं त्यांनी विचारलं तर तू बोलू नकोस, तू मला पाठीशी घालशील. मी मागच्या बाकावर असेन, मी उठून सांगेन. हिरकणी कुणाला विकलीस ते बटणाच्या कानात सांग, गोष्ट तिच्या पोटात राहणार नाही याची खात्री आहे. आणि आज पिशवीत बरणी शोधू नकोस. आज उघडायची पाळी माझी होती, पाकीट उघडून पाठवलंय.

'तुझीच' लिहायला आता तोंड नाही, म्हणून नुसतीच,
टाचणी