जर्सीवरच्या नावाची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कपडे धुणे व इस्त्री करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचंही दडपण नाही असं लिहायची पद्धत आहे, पण खोट्याने सुरुवात नको. फुटबॉल लीगच्या चौकशी समितीचा लखोटा खणात पडून आहे आणि नऊ दिवस मला धड झोप नाही. घाई त्यामुळेच.

एक. लाँड्रीवरच्या राहत्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या मुलीस. मागच्या खिडकीची कडी जोर लावल्याशिवाय निघत नाही, तिच्यावर चिडू नये.

दोन. धाकट्या भावास माझी शिडी. ती अठरा वर्षं त्याच्याकडेच आहे. आता निदान कायद्याने त्याची होईल.

तीन. माझी जुनी जड इस्त्री 'भिंत' यास. हा आमच्या क्लबचा जुना गोलकीपर. क्लब सभासदांच्या वर्गणीवर चालायचा तेव्हा, एकतीस वर्षांपूर्वी, मळक्या जर्सींचा पहिला गठ्ठा यानेच सायकलवरून माझ्या दारात आणून टाकला.

चार. लाँड्री. इथे पेन दोन दिवस थांबलं.

लाँड्रीला माझ्या बायकोचं नाव आहे. तिला जाऊन सात वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी क्लब एका धनाढ्य मालकाने घेतला. पैसा रग्गड, पण लीगचा नियम असा की क्लबने कमावलं तेवढंच खर्चायचं. मालकांनी आपल्या खिशातून खेळाडू विकत घेतले तर लहान क्लबांनी काय करायचं? नियम योग्यच आहे. मालकाने त्यातून वाट काढली ती माझ्या दुकानातून. त्याचा हिशेबनीस येऊन स्टुलावर बसला.

"काका, जर्सीवर तुमच्या लाँड्रीची जाहिरात येणार. पैसे साहेब तुमच्या खात्यात टाकतील, तिथून क्लबकडे जातील. तुम्ही फक्त सही करायची."

"एवढे पैसे माझ्याकडे आले कुठून, असं कोणी विचारलं तर?"

"लाँड्रीवाल्याला कोण विचारतंय, काका?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण चाळीस हजार माणसांसमोर अकरा जणांच्या छातीवर तिचं नाव पळणार, या विचाराने मी पाघळलो. मला एक छदाम मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही. जर्सीवरची अक्षरं उष्णतेने वितळतात, म्हणून जर्सी उलटी करूनच इस्त्री करतात. पहिल्या हंगामात नाव दिसेना म्हणून वाईट वाटायचं. हल्ली दिसत नाही तेच बरं वाटतं.

खरा गुन्हा पुढचा. गेल्या वर्षी हिशेबनीस म्हणाला, तुमचं वय झालं, कागदावर भागीदार हवा. मी मुलीला सांगितलं, नव्या ड्रायरच्या हमीचे कागद आहेत. तिने न वाचता सही केली, कारण कागद बापाने पुढे केले होते. म्हणजे मी डोळे मिटले की समितीपुढे ती उभी राहणार. लाँड्री तिच्या नावे करणं म्हणजे तिच्या गळ्यात लोढणं बांधणं. आणि खरं सांगितलं तर क्लबचे गुण कापले जातील, क्लब खालच्या गटात जाईल आणि गल्लीत मला कोणी मळका रुमालही धुवायला देणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

पाच. सबब सर्व हकिकत वेगळ्या कागदावर लिहून बंद केली आहे. ती माझ्या मृत्यूनंतरच समितीकडे पोचवावी.

इथवर लिहून आज दुपारी कागद मुलीला दाखवला. तिने मशीनपाशी उभ्यानेच वाचला.

"ड्रायरची हमी, बाबा?"

तिने कागद माझ्या हातात परत दिला.

"तुमच्यामागे मी हे दाखवलं तर लोक म्हणतील, मेलेल्या बापावर ढकलून मोकळी झाली. जिवंत आहात तोवर बोला."

कलम पाच रद्द. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी स्वतः समितीपुढे जाणार आहे. मला भीती वाटते. सोमवारनंतर लाँड्रीचं जे उरेल ते मुलीचं, आणि नको असेल तर तसं म्हणायचा हक्कही तिचाच.

भिंत साक्षीदार म्हणून आला, त्यानेही सगळं वाचलं. मग म्हणाला, "आपण खालच्या गटातच तर होतो रे. तेव्हाही जर्सी तूच धुवायचास." नेहमी जाताना पाठीवर थाप मारतो, आज मारली नाही.

मुलगी दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही. उद्याच्या सामन्याच्या जर्सी तिने एकटीने इस्त्री केल्या. त्यानंतर माझा पांढरा शर्ट इस्त्री करून सोमवारसाठी खुंटीला लावला, आणि शेजारी स्वतःचा.

सही : लाँड्रीवाला
साक्षीदार पहिला : भिंत, निवृत्त गोलकीपर
साक्षीदार दुसरा : कोपऱ्यावरचा औषधवाला

औषधवाला घाईत होता, न वाचताच सही करत होता. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, त्याला बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं.

ठिकाण : लाँड्रीची मागची खोली
दिनांक : चौदा मार्च, शनिवार